बाबांची यादी यंदा करायची का नको?

*मावशी, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची एक सवय होती, ३१ डिसेंबरला रात्री सगळ्यांना गच्चीवर बसवून वर्षाची यादी करायची. सिनेमा, मॅच, खाणं, प्रवास आणि फजिती असे पाच रकाने. प्रत्येकानं आपापलं सांगायचं आणि बाबा ते कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागं लिहून पान जपून ठेवायचे. आई खालून चहा-भजी पाठवायची. यंदा ऑगस्टमध्ये बाबा गेले. जुलैत पुण्याला ॲडमिट केलेलं, भाऊ तिकडंच असतो, शेवटपर्यंत तोच जवळ होता. आता माझा मुलगा दहावीला आणि मुलगी सातवीला आहे, दोघं म्हणतात यादी करायचीच. भाऊ फोनवर म्हणाला, हे वर्ष मला पुसून टाकायचंय, त्याची कसली यादी करता. आई काहीच बोलत नाही. आणि माझं तर वेगळंच. या वर्षातली सगळ्यात भारी रात्र कुठली विचारलं तर २ नोव्हेंबर, बायकांच्या वर्ल्डकपची फायनल. बाबांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि मी मध्यरात्री सोफ्यावर उभी राहून ओरडत होते. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधल्या काकू जिन्यात म्हणाल्या, बरंय बाई, तुमच्याकडं लवकर सावरले सगळे. तेव्हापासून मनात बोचतंय. यादी करू का नको? आणि केली तर ती रात्र सांगू का लपवू?*
*एक लेक, जुळे सोलापूर*

अगं पोरी,

तुझं पत्र लई मोठं आहे, सगळं छापता येत नाही, पण वाचलंय सगळं, आणि वर छापलेल्यात नाहीत अशा दोनचार गोष्टी खाली मधेमधे येतील, चालवून घे.

यादी कर. आणि ती रात्र सांग, लपवायची काही गरज नाही. उत्तर एवढंच आहे खरं तर, पण तू विचारलंयस त्यापेक्षा न विचारलेलंच जास्त आहे पत्रात, म्हणून बसून लिहितेय.

आधी काकूंचं उरकून घेऊ. जिन्यातल्या काकू प्रत्येक बिल्डिंगला असतात, मेंटेनन्समध्येच येतात बहुतेक. पण तूच पुढं लिहिलंयस की यंदा तुमच्याकडं दिवाळी नव्हती, वर्षभर सण नाही म्हणून तळण घातलं नाही, आणि पहिला फराळाचा डबा याच काकूंनी आणून दिला, चकल्या जरा जास्तच घातल्या होत्या. म्हणजे बाई वाईट नाही, तोंड सैल आहे. सुतक तेराव्याला संपलं, वर्षभर सण करायचा नाही ते तुम्ही पाळताय, आता त्यात क्रिकेट बघायचं नाही असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय मला तर माहीत नाही. काकूंना पण नसणार.

आता तुला सगळे सांगतील की अगं बाबांना आवडलंच असतं, ते वरून बघत असतील, खूश झाले असतील. मी ते म्हणणार नाही. एक तर मला तुझे बाबा माहीत नाहीत, आणि दुसरं म्हणजे असं म्हणायला लागलं की आपण प्रत्येक हसण्याआधी गेलेल्या माणसाची परवानगी काढत बसतो, आणि तो काही सही करायला येत नाही. तू ओरडलीस कारण मॅचच तसली होती. पावसानं उशीर होऊन पाच वाजता सुरू झालेली, आपल्या २९८, शफालीच्या ८७, आणि ती पोरगी मुळात टीममध्येच नव्हती, प्रतिका रावलला लागलं म्हणून ऐनवेळी बोलावलेली, मग तिकडून दक्षिण आफ्रिकेच्या त्या वोल्व्हार्टनं शतक ठोकून सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, अमनज्योतनं तिचा कॅच हातातून उडत उडत कसाबसा धरला, दीप्तीनं पाच विकेट काढल्या आणि शेवटचा कॅच कॅप्टननं घेतला, बारा वाजून गेले होते. ५२ रननी जिंकलो. २००५ ला फायनल हरलेलो, २०१७ ला ९ रननी हरलेलो. आणि टीममध्ये आपल्या सांगलीची स्मृती. असल्या रात्री सोफ्यावर उभं राहायचं नाही तर सोफा घेतला कशाला म्हणते मी.

त्याच दिवशी सकाळी बाबांचा चष्मा कपाटात सापडला म्हणून तू अर्धा तास बाथरूममध्ये रडत होतीस हे पण तूच लिहिलंयस, ते काही काकूंना दिसलं नाही, त्यांना फक्त आरडाओरडा ऐकू आला. जाऊ दे.

आता तुझ्या भावाकडं येते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. तू लिहिलंयस की तो आधी सगळ्यात पुढं असायचा, फजितीच्या रकान्यात दरवर्षी त्याचंच नाव, आणि आता एकदम असा का वागतो. अगं बघ की जरा. तुझं वर्ष आणि त्याचं वर्ष एक नाहीये. तुझ्या वर्षात जानेवारीतला गड्डा आहे, म्हणजे आपली सिद्धरामेश्वरांची जत्रा, बाबांना घेऊन होम मैदानावर चालत गेलेली संध्याकाळ आहे, मंगळवेढ्याच्या रस्त्याला शेतात बसून खाल्लेला हुरडा आणि शेंगाचटणी आहे, फेब्रुवारीत नातवंडांबरोबर बघितलेला छावा आहे. तो पुण्यात. त्याच्या वर्षात बाबा आले ते जुलैत, स्ट्रेचरवर. त्याला आठवणारं बाबांचं वर्ष म्हणजे कॉरिडॉर, मेडिकलची बिलं आणि नर्सनं हाक मारली की उठायचं, एवढंच. मग तो पुसून टाकायचं म्हणणार नाही तर काय म्हणेल.

म्हणून त्याला 'तुला यंदा काय आवडलं' असं अजिबात विचारू नको. चिडेल, आणि बरोबरच आहे. तू पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलीस ती गोष्ट त्याला विचार. ओव्हलची टेस्ट. बाबांना आयसीयूतून बाहेर आणलं होतं आणि शेवटच्या दिवशी त्याच्याच मोबाईलवर दोघांनी मॅच बघितली असं तो तुला एकदाच म्हणाला होता ना. तो ४ ऑगस्ट, सोमवार. आपल्याकडं दुपारी साडेतीनला सुरू झालं, इंग्लंडला ३५ रन पाहिजेत आणि आपल्याला चार विकेट, सगळा खेळ तासाभरात आटपला, सिराजनं शेवटचा दांडा उडवला तेव्हा तो वोक्स एक हात गळ्यात अडकवून पलीकडं उभा होता. ६ रननी जिंकलो, सिरीज २-२. मी इथं घरात बसून नखं खाल्ली, तर त्या बेडवर काय झालं असेल? बाबा काय म्हणाले? नर्स रागावली का? मोबाईल कोणी धरला होता, चार्जिंग होतं का? हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, फक्त त्याला माहीत आहे, आणि कुणी विचारलंच नाही अजून. सगळ्यांनी त्याला डॉक्टर काय म्हणाले तेच विचारलं असणार.

त्यानं सांगितलं तर मॅचच्या रकान्यात त्याच्या नावानं लिही. नाही सांगितलं तर नाही, ओढून काढू नको, पुढच्या वर्षी सांगेल नाहीतर कधीतरी रात्री अकराला स्वतःहून फोन करेल.

बरं, आता आईचं.

तुझ्या पत्रात सगळ्यांचं आहे बघ. मुलाला काय आवडतं, मुलीला काय, भाऊ, बाबा तर आहेतच, नवऱ्याची त्या वर्षीची पंढरपूरच्या बसमध्ये झालेली फजितीसुद्धा आहे. आईबद्दल एकच ओळ, खालून चहा-भजी पाठवायची. ती जुनी पानं काढून बघ एकदा. माझा अंदाज आहे की एवढ्या वर्षांच्या यादीत आईच्या नावासमोर फार काही सापडणार नाही, सापडलं तर मला आनंदच आहे. बाबांना दोष देत नाही हं, आमच्याकडं पण तसंच होतं, यादी बिदी करणारी मंडळी गच्चीवर आणि कढई खाली. पण आता ती काही बोलत नाही याचं तू टेन्शन घेतीयस, तिला आधी तरी कुणी विचारत होतं का?

यंदा भजी विकत आणा. आणि तिला वर बसवा. लगेच म्हणेल, मला कसलं आलंय आवडतं, मी काय बघते. त्यावर गप्प बसू नका. उलटं विचारायचं, आई, तुझी ती साडेसातची सिरीयल उद्यापासून बंद करू का? मग बघ कसा आवाज फुटतो. नाहीतर विचार, यंदा कुठली साडी नेसावीशी वाटली, कुणाच्या लग्नातलं जेवण बरं होतं, देवळात कीर्तन ऐकलं त्यातलं कुठलं डोक्यात राहिलं. आवडतं काय हा प्रश्न आपल्या आयांच्या पिढीला परीक्षेसारखा वाटतो, पण नावं ठेवायला सांग, धडाधड उत्तरं येतात, आणि नावं ठेवता ठेवता आवडलेलं पण निघतं. तिनं सिरीयल सांगितली तर सिनेमाच्या रकान्यात सिरीयल लिहायची, रकाना काय सरकारी फॉर्म आहे का.

आता करायची कशी ते. तू लिहिलंयस की बाबा सगळं तोंडपाठ सांगायचे, मला तर काहीच आठवत नाही, वर्ष कुठं गेलं कळलं नाही. सगळ्यांचं तसंच असतं गं, डिसेंबरात बसलं की डिसेंबरच आठवतो, फार तर दिवाळी. त्यात तुझ्या वर्षाच्या मधोमध ऑगस्ट, त्यामुळं आधीचं सगळं त्याच्या मागं झाकलं गेलंय. म्हणून फोनची गॅलरी उघडायची आणि १ जानेवारीपासून पुढं सरकत यायचं, उलटं नाही. फोनपेची हिस्टरी पण बघ, हसू नको, थिएटरात किती उडवले, कुठल्या गाड्यावर काय खाल्लं, कुठल्या तारखेला कुठल्या पेट्रोल पंपावर होतो सगळं त्यात असतं. ॲपवाले हल्ली आपणच वर्षाची यादी बनवून पाठवतात, तुम्ही अमुक इतकी गाणी ऐकली म्हणून, पण शेजारी कोण बसलं होतं ते काय त्यांना कळत नाही. फजितीचा रकाना तर त्यांच्या बापजन्मी सुचणार नाही, तो मला तुझ्या बाबांचा सगळ्यात आवडला.

सिनेमा चांगला होता का वाईट यावर मुलांशी भांडत बसू नको. तुझ्या मुलीला छावातली एकही लढाई धड आठवत नाही, पण इंटरव्हलला आजोबांनी पॉपकॉर्नचा भाव ऐकून काउंटरवरच्या पोराला कंडक्टरच्या आवाजात सुनावलं, एवढ्यात पुण्याला जाऊन येतो की मी, आणि मागची सगळी लाईन हसायला लागली, हे आठवतं. अगं हेच लिहायचं. सिनेमात लिही नाहीतर फजितीत. आम्ही लहानपणी भागवतला जायचो, एकाच आवारात तीनचार थिएटरं, एकाला हाऊसफुल्लची पाटी दिसली की माझे वडील सरळ दुसऱ्याच्या खिडकीला जायचे, पिक्चर कुठला हे आत बसल्यावर कळायचं. त्या पिक्चरची नावं आता विचारशील तर सांगता येणार नाहीत, बाकडं टोचायचं ते मात्र सांगते.

आणि मुलगा कुठल्या तरी यूट्यूबवाल्याचं नाव सांगेल किंवा कुणी मोबाईलवर गेम खेळतंय आणि हा ते बघतोय असलं काहीतरी, आपल्याला कळणार नाही, तरी लिही. तोंड वाकडं करू नको. बाबांनी लिहिलं असतं का नसतं तो प्रश्न नाही, पान आता तुमचं आहे.

आता पुराचं. सप्टेंबरात सीना नदीला पाणी आलं आणि माढ्याकडची तुझी आत्या पोरासुनांसकट अंगावरच्या कपड्यांनिशी तुमच्याकडं येऊन राहिली, घरभर गाद्या, बाथरूमला सकाळी लाईन, आणि तुझी मुलं म्हणतात ते दिवस यंदाचे बेस्ट होते. तुला त्याची पण लाज वाटते. मुलांना मजा येणारच गं, घरात एवढी पोरं, अभ्यास बंद, रात्री दोन वाजेपर्यंत पत्ते. त्यांना सांगू दे. फक्त एक पाळा, पुराला फजितीच्या रकान्यात टाकू नका. आत्याची जनावरं, धान्य गेलंय. पत्ते लिहा, बाथरूमची लाईन लिहा, आणि तू आत्याला मुद्दाम थिएटरात दशावतार बघायला घेऊन गेलीस ते लिही, ८१ वर्षांचे प्रभावळकर पडद्यावर बघून ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, हा माणूस एवढा पळतोय आणि मी रडत बसलीय होय. हे आत्यानं स्वतः सांगायला पाहिजे, व्हिडिओ कॉल लावा तिला.

दोन गोष्टी करू नका. बाबांचा फोटो, हार, उदबत्ती मांडून समोर यादी करायला बसू नका, दोन मिनिटं मौन वगैरे तर नकोच, मुलं अवघडतात आणि मग प्रत्येकजण बाबांवर निबंध म्हणून दाखवतो. वर्षश्राद्ध येणारच आहे, ते त्या दिवशी. आणि बाबा असा सहावा रकाना काढू नका. ऑगस्टपर्यंत ते पाचही रकान्यात येणारच आहेत, वेगळी खुर्ची कशाला.

जुन्या पानांचं तू विचारलंयस, लॅमिनेशन करू का म्हणून. यादीची पानं बॉलपेनची आहेत, त्यांना तसा धोका नाही, पण नको, साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून भावाला पाठव. पण त्या पानांना बाबांनी टाचलेली मशीनची तिकिटं असतील ना, ती चुकूनही लॅमिनेशनला देऊ नको, तो कागद उष्णतेनं काळा पडतो, अख्खं तिकीट काळंकुट्ट होऊन हातात येईल. तशीही ती छपाई वर्षा-दोन वर्षांत उडते, त्यामुळं फोटो आजच काढ. आणि यंदाच्या कालनिर्णयवर जानेवारी ते जून बाबांच्या अक्षरात दुधाचा हिशोब असेल, नवीन कॅलेंडर लावताना ते रद्दीत जायच्या आत काढून घे, आईच्या नकळत नाही, तिला सांगून.

लिहायचं कुणी? तू नको. तू लिहायला लागलीस की तुला रडू येणार आणि सगळं थांबणार. मुलीला लिहू दे, सातवीतली पोर आहे, अक्षर मोठं येईल, रकाने वाकडे होतील, होऊ दे.

आणि ३१ डिसेंबरच पाहिजे असं काही नाही. मी तर म्हणते थांबा. भाऊ एरवी येवो न येवो, गड्ड्याला येतो असं तूच म्हणतेस. सोलापूरच्या माणसाचं वर्ष तसंही गड्ड्यात सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडल्याशिवाय बदलत नाही. सण करायचा नाही म्हणजे वाण, हळदीकुंकू, तिळगूळ वाटणं नाही तुमच्याकडं यंदा, पण नंदीध्वजांची मिरवणूक बघायला रस्त्यावर उभं राहायला कोण अडवतंय, बाराबंदी घातलेली माणसं समोरून गेली आणि हर्र बोला हर्र झालं की तो आपोआप मोकळा होईल थोडा. त्या रात्री घरी आल्यावर बसा. गच्चीवर थंडी असेल तर हॉलमध्ये बसा. तोपर्यंत डिसेंबरचं पान कुणी फाडू नका म्हणावं, एवढंच.

काकूंना पण बोलवायचं का ते तू ठरव. मी असते तर बोलावलं असतं, त्यांच्या चकल्या खाण्याच्या रकान्यात येणारच आहेत, तर समोर बसून ऐकू देत.

राहिला मॅचचा रकाना. त्यात यंदा भांडण होणार हे तुला आत्ताच सांगून ठेवते. मार्चमधली चॅम्पियन्स ट्रॉफी, जडेजानं चौका मारून जिंकवलेली, ती तुझा मुलगा सोडणार नाही. ३ जूनची आयपीएल फायनल तर बाबांचीच, अक्कलकोटात वाढलेला माणूस, अर्धं कन्नड बोलणारा, अठरा वर्षं बेंगळुरूच्या टीमच्या मागं राहिला, ई सला कप नम्दे, म्हणजे यंदा कप आपलाच, म्हणत घरातल्यांची बोलणी खाल्ली, आणि शेवटी कप आला तो बघूनच गेला. ती पण ६ रननीच जिंकली होती, ओव्हलसारखी, हे भावाला सांग, त्याच्या लक्षात आलं नसेल. मग ओव्हल त्याची. आणि २ नोव्हेंबर तुझी. चार मॅच आणि रकाना एक. तुझी मुलगी म्हणेल एकच लिहायची, आजोबांचा नियम होता. तुम्ही भांडा, आई काय म्हणते ते ऐका, आणि तू तुझी मॅच सोडू नको.

तुझी,
मावशी